सहाव्या मजल्याची बातमी: राजकीय बातमीदार कसा घडतो

२२ नोव्हेंबर २०१९ची संध्याकाळ. वरळीच्या नेहरू सेंटरमध्ये शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांची बैठक चालू होती. तिथून बाहेर पडताना शरद पवारांनी पत्रकारांना सांगितलं, की नव्या सरकारचं नेतृत्व उद्धव ठाकरे यांनी करावं यावर एकमत झालं आहे. निकाल लागून महिना होत आला होता, राष्ट्रपती राजवट लागली होती. घोळ एकदाचा मिटला म्हणून सगळ्यांनी बातम्या पाठवल्या आणि रात्री पानं छपाईला सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी चहाबरोबर अंक उघडला, तर पहिल्या पानावर ठाकरे सरकार आणि समोर टीव्हीवर देवेंद्र फडणवीस राजभवनात मुख्यमंत्रिपदाची शपथ घेताहेत. शेजारी अजित पवार, उपमुख्यमंत्री म्हणून.

त्या सकाळी वाचकांनी वृत्तपत्रांची यथेच्छ खिल्ली उडवली. खरं तर छापलेल्या बातमीत खोटं काही नव्हतं. पवार जे बोलले तेच आलं होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयानं तातडीनं बहुमत चाचणी घ्यायला सांगितली, २६ तारखेला अजित पवार आणि फडणवीस दोघांनी राजीनामे दिले आणि २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर ठाकरेंचा शपथविधी झाला. म्हणजे साडेतीन दिवस चुकीची ठरलेली बातमी शेवटी बरोबरच निघाली! पण ज्या रात्री ती छापली गेली त्या रात्री मोठमोठ्या बातमीदारांना पत्ता लागला नाही, हेही तितकंच खरं.

पत्ता लागला नाही याचं कारण थोडं खोलात जाऊन बघण्यासारखं आहे. राष्ट्रपती राजवट उठवायची तर केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक व्हावी लागते, अशी सगळ्यांची समजूत. बैठक म्हटली की दिल्लीत हालचाल दिसणार, मंत्र्यांच्या गाड्या निघणार, तिथला सहकारी फोन करणार. तसं काहीच झालं नाही. केंद्र सरकारच्या कामकाज नियमांमधल्या १२व्या नियमानुसार पंतप्रधान निकडीच्या वेळी मंत्रिमंडळाची बैठक न घेता निर्णय करू शकतात आणि मंजुरी मागाहून घेता येते. तो नियम वापरला गेला आणि पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठल्याची अधिसूचना निघाली. हा नियम ज्याच्या डोक्यात असता त्यालाही शपथविधीची बातमी मिळालीच असती असं नाही. पण ‘आज रात्री काही होणं शक्यच नाही’ असं छातीठोकपणे त्यानं नक्कीच सांगितलं नसतं.

राजकीय बातमीदार म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर ओळखी येतात. याचा अमक्या साहेबांशी घरोबा, त्याचा तमक्या दादांना थेट फोन. ओळखी लागतातच, त्यांच्याशिवाय या धंद्यात पाऊल टाकता येत नाही. पण ओळखींच्या जोरावर माणूस पाच-सात वर्षं चमकतो. तीस-पस्तीस वर्षं टिकतो तो दोन वेगळ्या गोष्टींवर. पहिली, समोरचा आपल्याला हे आत्ताच का सांगतोय, हे ओळखण्यावर. दुसरी जरा रूक्ष आहे: नियमांच्या पुस्तकांवर.

तालुक्यापासून

मुंबईतल्या मंत्रालय बीटवर, म्हणजे मंत्रालयाच्या बातम्यांच्या जबाबदारीवर, थेट कुणी जाऊन बसत नाही. निदान पूर्वी तरी बसत नसे. वाट तालुक्यावरून यायची, किंवा शहरात पोलीस चौक्या, रुग्णालयं आणि महापालिका करत करत. आजही मराठी वृत्तपत्रांचा पाया तालुक्याच्या वार्ताहरावर उभा आहे, आणि गंमत अशी, की त्याला पगार जवळजवळ नसतोच. तुटपुंजं मानधन आणि आणलेल्या जाहिरातींवर कमिशन. ज्या साखर कारखान्याच्या सर्वसाधारण सभेची बातमी लिहायची, त्याच कारखान्याच्या अध्यक्षाच्या वाढदिवसाची जाहिरातही त्यानंच मागायची. राजकीय पत्रकारितेच्या शुद्धतेवर भाषणं देणाऱ्यांनी आधी ही व्यवस्था बघावी.

शिवाय धोका सगळ्यात जास्त त्यालाच. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूर तालुक्यात शशिकांत वारिशे या बातमीदाराला गाडीनं उडवलं आणि त्यांचा मृत्यू झाला. रिफायनरी आणि जमिनीच्या वादासंबंधीची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचं विधेयक महाराष्ट्र विधिमंडळानं २०१७ सालीच मंजूर केलं होतं.

तरीही या पायरीवर जे मिळतं ते पुढे कुठेच मिळत नाही. राज्याचे पुढारी तिथेच कच्च्या स्वरूपात भेटतात. विलासराव देशमुख १९७४ साली बाभळगावचे सरपंच झाले. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेतून वर आले. १९९७ हे साल तर मला फार मजेशीर वाटतं: त्या वर्षी फडणवीस नागपूरचे महापौर झाले आणि एकनाथ शिंदे ठाण्यात पहिल्यांदा नगरसेवक. त्या वेळी नागपूर किंवा ठाणे महापालिकेच्या सभागृहात पत्रकारांच्या बाकावर जांभया देत बसलेला एखादा पोरगेला बातमीदार २०२२ साली पन्नाशीत असणार. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री चिडल्यावर कसे बोलतात, शब्द कधी पाळतात, कुणाचा फोन आला की उठून बाजूला जातात, हे त्यानं पंचवीस वर्षं पाहिलेलं असतं. असं शहाणपण एका मुलाखतीत मिळत नाही.

मंत्रालय नावाची शाळा

मंत्रालयात सगळ्यात जास्त बोललं जातं ते सहाव्या मजल्याबद्दल, कारण मुख्यमंत्र्यांचं दालन तिथे आहे. ‘सहाव्या मजल्यावरून निरोप आलाय’ म्हटलं की बाकी काही विचारायचं नसतं. नवा बातमीदार साहजिकच तिकडे धावतो. मुरलेला खालच्या मजल्यांवर जास्त वेळ घालवतो. मंत्र्याचा खासगी सचिव, स्वीय सहायक, विशेष कार्य अधिकारी, कक्ष अधिकारी, फाइल इकडून तिकडे नेणारा शिपाई, खाली गाडीपाशी थांबलेला चालक. मंत्री बदलतात, यांतले बरेचजण तिथेच राहतात. मंत्र्यानं फाइलवर काय शेरा मारला हे मंत्र्यापेक्षा कक्ष अधिकारी नीट सांगतो. आणि साहेब काल रात्री कुणाच्या बंगल्यावर गेले होते हे चालकाइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

त्याच्या जोडीला कागद. शासन निर्णय, म्हणजे सगळे ज्याला जीआर म्हणतात तो, आता सरकारी संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. वाचतात फार थोडे. आचारसंहिता लागायच्या आदल्या दिवसांत जीआरांचा पाऊस पडतो, त्यात कुणाच्या संस्थेला जमीन, कुणाच्या मतदारसंघाला निधी, हे सगळं पांढऱ्यावर काळं लिहिलेलं असतं. अधिवेशनात मांडल्या जाणाऱ्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, त्याही तशाच. अर्थसंकल्पाच्या दिवशी सगळी वृत्तपत्रं पानं सजवतात, पण सरकारचा पैसा खरोखर कुठे वळतोय ते पुरवणी मागण्यांच्या कंटाळवाण्या पुस्तिकेत दिसतं. कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहात ठेवतात, म्हणजे त्यावर चर्चेला वेळच उरू नये. जुना बातमीदार त्या दिवशी मुंबई सोडत नाही.

कागदाची ताकद काय असते याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण बॅरिस्टर अंतुलेंचं. १९८०-८१ मध्ये सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, बांधकाम करणाऱ्यांना सिमेंट मिळवायला परवाना लागायचा. अंतुले मुख्यमंत्री असताना त्यांनी काढलेल्या ट्रस्टांना, त्यातल्या एकाला इंदिरा गांधींचं नाव होतं, देणग्या येत होत्या. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी हे प्रकरण उघड केलं. एका बाजूला सिमेंट कुणाला मिळालं, दुसऱ्या बाजूला देणगी कुणी दिली. १२ जानेवारी १९८२ला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी या दोहोंचा संबंध असल्याचा निकाल दिला आणि अंतुलेंना जावं लागलं. फौजदारी खटल्याचं भिजत घोंगडं पुढे कैक वर्षं सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालत राहिलं, तो भाग निराळा. मुद्दा असा, की सिमेंटचा परवाना कुणाला मिळतोय याची कुजबूज मंत्रालयात कुणी ऐकली नसेल असं समजणं भाबडेपणाचं होईल. कुजबुजीच्या जोरावर सरकार पडत नसतं.

‘सूत्रांनी सांगितलं’ म्हणजे कुणी?

वाचकांचा सगळ्यात जास्त राग या दोन शब्दांवर असतो. ‘सूत्रं’ म्हणजे बातमीदारानं घरी बसून मारलेली थाप, असं पुष्कळांना वाटतं. तसं करणारे महाभागही असतात, नाही असं नाही. पण एरवी त्यामागे खरा माणूस असतो आणि तो काही अटींवर बोललेला असतो.

अटींचे साधारण तीन प्रकार. नावानिशी बोलणं, यात काही अडचण नाही. दुसरं, ‘छापा, पण माझं नाव नको’. ‘एका ज्येष्ठ मंत्र्यानं सांगितलं’ हे वाक्य इथून येतं. तिसरं ऑफ द रेकॉर्ड, म्हणजे छापायचंच नाही, फक्त तुमच्या माहितीसाठी. यातली मेख अशी, की पुढारी अनेकदा ‘हे ऑफ द रेकॉर्ड हं’ म्हणत एखादी गोष्ट चार वेगवेगळ्या बातमीदारांना सांगतो, कारण ती चौघांपैकी एकाच्या तरी पोटात राहणार नाही याची त्याला खात्री असते.

यालाच पुडी सोडणं म्हणतात. मंत्रिमंडळ विस्तार जवळ आला की पुड्यांचा हंगाम सुरू होतो. एखाद्या आमदाराचं नाव संभाव्य मंत्र्यांच्या यादीत छापून येतं. ते कुणी सोडलं असेल? खुद्द त्या आमदारानं, म्हणजे वरिष्ठांच्या नजरेत यावं म्हणून. किंवा त्याच्या जिल्ह्यातल्या प्रतिस्पर्ध्यानं, म्हणजे नाव आधीच फुटलं की साहेब चिडतील आणि पत्ता कापतील म्हणून. किंवा साहेबांनीच, जिल्ह्यातून काय प्रतिक्रिया येते ते बघायला. एकच नाव, तीन हेतू. बातमी देणाऱ्याला हे तिन्ही हेतू तपासावे लागतात आणि त्यासाठी आधी ठाऊक असावं लागतं, की राज्यात १५ टक्क्यांच्या मर्यादेमुळे २८८ आमदारांमागे मुख्यमंत्र्यांसह फार तर ४३ मंत्री होऊ शकतात. जागा सात रिकाम्या असताना कुणी वीस नावं छापली, तर त्याला पुड्या विकल्या गेल्या असं खुशाल समजावं.

नाव न छापण्याचा शब्द दिला की तो पाळायचा. इथे कायदा मात्र पत्रकाराच्या मदतीला फारसा येत नाही. १९७८च्या प्रेस कौन्सिल कायद्यातल्या कलम १५(२) नुसार बातमीचं उगमस्थान सांगण्याची सक्ती कौन्सिल पत्रकारावर करू शकत नाही. पण हे संरक्षण कौन्सिलपुरतंच. न्यायालयात असा स्वतंत्र, पक्का हक्क आपल्याकडच्या पत्रकाराला नाही. विधी आयोगानं १९८३ सालच्या अहवालात या बाबतीत कायद्यात बदल सुचवला होता, तो आजवर कागदावरच राहिला आहे. म्हणून अनुभवी माणूस वहीत नावं लिहीत नाही, किंवा अशी लिहितो की दुसऱ्याला कळू नयेत.

गॅलरीत बसून

विधिमंडळाचं वार्तांकन हा या कारकिर्दीतला सगळ्यात अवघड आणि आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, स्थगन प्रस्ताव, औचित्याचा मुद्दा, नियम २९३ खालची चर्चा, अंतिम आठवडा प्रस्ताव. ही नावं ऐकूनच नव्या पोरांना घाम फुटतो. पण सरकार कुठे अडचणीत आहे हे यांवरूनच कळतं. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयावर मंत्र्याकडून उत्तर मागणारी सूचना, पुकारली आणि मंत्री सभागृहात नाही, याचा अर्थ तो विसरला असा क्वचितच असतो.

इथली खरी जोखीम हक्कभंगाची. राज्यघटनेच्या १९४व्या अनुच्छेदानं राज्यांच्या विधिमंडळांना विशेषाधिकार दिले आहेत, पण ते नेमके कोणते याची यादी कायद्यानं आजतागायत केलेली नाही. त्यामुळे सभागृहाचा अपमान कधी झाला हे सभागृहच ठरवतं. १९५२ साली उत्तर प्रदेश विधानसभेनं मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकातल्या मजकुरावरून त्याच्या संपादकीय विभागातले होमी मिस्त्री यांना मुंबईत पकडून लखनौला नेलं. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं त्यांची सुटका केली. १९५७ साली पाटण्याच्या ‘सर्चलाइट’नं बिहार विधानसभेतल्या भाषणाचा कामकाजातून काढून टाकलेला भाग छापला, तेव्हा न्यायालयानं विधानसभेचीच बाजू उचलून धरली. १९८७ साली तामिळनाडूत ‘आनंद विकटन’ साप्ताहिकाच्या संपादकांना मुखपृष्ठावरच्या एका व्यंगचित्रासाठी तीन महिन्यांची शिक्षा झाली, देशभर ओरड झाल्यावर काही दिवसांत सोडावं लागलं.

बातमीदारासाठी यातून निघणारी व्यवहारातली गोष्ट साधी आहे. ४४व्या घटनादुरुस्तीनं १९७८ साली ३६१अ हा अनुच्छेद आणला. सभागृहात जे घडलं त्याचा मुख्यत्वे खरा वृत्तान्त, आकस न ठेवता छापला, तर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. म्हणजे आमदारानं सभागृहात एखाद्यावर आरोप केला तर तो छापता येतो. तोच आरोप त्यानं पायऱ्यांवर येऊन केला आणि तुम्ही छापला, तर बदनामीच्या दाव्यात तुम्हीही ओढले जाऊ शकता. अध्यक्षांनी कामकाजातून काढलेला शब्द मात्र छापायचा नाही. आता सगळं थेट प्रक्षेपित होतं, शब्द काढायच्या आत तो मोबाइलवर फिरलेला असतो, तरी नियम जागच्या जागी आहे. विधान भवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन घोषणा देणाऱ्या आमदारांची छायाचित्रं भरपूर दिसतात. आत त्याच आमदारानं किती प्रश्न विचारले याची बातमी दिसत नाही, कारण ती मोजायला आत बसावं लागतं.

हिवाळी अधिवेशनाचं प्रकरण न्यारंच. १९५३च्या नागपूर करारामुळे वर्षातलं एक अधिवेशन नागपुरात होतं. सगळं सरकार तिकडे हलतं, मुख्यमंत्री रामगिरी बंगल्यावर आणि पत्रकारांचा मुक्काम ‘सुयोग’ या इमारतीत. मुंबईत वर्षभर जो मंत्री दहा मिनिटं देत नाही तो नागपुरात थंडीत शाल पांघरून दोन तास बोलतो. घरापासून सगळेच लांब असतात, संध्याकाळी करायला दुसरं काही नसतं. डिसेंबर १९९१ मध्ये छगन भुजबळ शिवसेना फोडून बाहेर पडले ते नागपूर अधिवेशनातच.

सदतीसचा हिशेब

भुजबळांचं नाव निघालंच आहे, तर नियमांचं पुस्तक का लागतं ते सांगून टाकतो. पक्षांतरबंदीचा कायदा, म्हणजे घटनेची दहावी अनुसूची, १९८५ साली आली. तेव्हा त्यात एक सवलत होती: विधिमंडळ पक्षातले एक-तृतीयांश सदस्य फुटले तर ती ‘फूट’ मानली जायची आणि आमदारकी वाचायची. १९९० साली शिवसेनेचे ५२ आमदार निवडून आले होते, म्हणजे फुटायला १८ पुरेसे. २००३ साली ९१व्या घटनादुरुस्तीनं ही सवलत काढून टाकली. आता उरली आहे ती दोन-तृतीयांशांची तरतूद, आणि ती फुटीसाठी नाही. ती विलीनीकरणासाठी आहे; मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन होतो आणि त्याला दोन-तृतीयांश आमदार संमती देतात, असं तिचं स्वरूप.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, तेव्हा शिवसेनेचे ५५ आमदार होते. दोन-तृतीयांश म्हणजे ३७. ‘३७चा आकडा गाठला की झालं’, असं वाहिन्यांवर दिवसरात्र चालू होतं. कुणात विलीन? शिंदे तर म्हणत होते, की आम्हीच शिवसेना! मग ३७चा आकडा लावायचा कुठे? हा प्रश्न विचारणारे त्या गदारोळात मोजकेच होते, आणि ते बहुतेक १९९१ पाहिलेले किंवा निदान वाचलेले जुने लोक होते. पुढे ११ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की फुटीचा बचाव आता कुणालाच घेता येत नाही आणि प्रतोद, म्हणजे सभागृहात कसं मतदान करायचं याचा आदेश (व्हिप) आमदारांना देणारा, नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. राज्यपालांनी ठाकरेंना बहुमत चाचणीला सांगणं चुकीचं होतं, असंही न्यायालय म्हणालं. पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नव्हतं. आमदार अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला, तो १० जानेवारी २०२४ला आला.

त्या दिवसांत गुवाहाटीच्या हॉटेलबाहेरून झाडीचं आणि डोंगराचं वर्णन करणारी पत्रकारिता आपण पुष्कळ पाहिली. करमणूक झाली. प्रतोद म्हणजे काय हे नीट समजावून सांगणारे कमी भेटले.

बूम आणि बायलाइन

२००७-०८ मध्ये मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या एकापाठोपाठ एक आल्या आणि बातमीदाराचा दिवसच बदलला. आधी संध्याकाळी सहा-सात वाजता बसून लिहायचं असायचं, तोवर दिवसभर माहिती पडताळता यायची. आता हातात बूम, म्हणजे वाहिनीचा माइक, कानात स्टुडिओतून येणारा आवाज आणि ‘अमुक काय म्हणाले’ यावर ‘तमुक काय म्हणाले’. सकाळी एका पक्षाची पत्रकार परिषद, दुपारी त्याला दुसऱ्याचं उत्तर. यातून बाइट, म्हणजे टीव्हीवर दाखवायला बोलण्याचा तुकडा, मिळतो, बातमी क्वचित. पुढाऱ्यांनाही हे सोयीचंच आहे. स्वतःचं समाजमाध्यम हाताशी असताना त्यांना बातमीदाराची गरज पूर्वीइतकी उरलेली नाही. प्रश्न न घेता बोलता येतं.

मात्र पूर्वी सगळं छान होतं असंही मानू नये. मराठी पत्रकारिता राजकारणात उतरूनच वाढली. ‘केसरी’ काय किंवा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्र्यांनी काढलेला ‘मराठा’ काय, या पत्रांनी तटस्थपणाचा आव आणला नाही आणि वाचकांनी तो मागितलाही नाही. १९८८ साली सुरू झालेला ‘सामना’ तर उघडपणे पक्षाचा. पत्रकारितेतून राज्यसभेत गेलेल्यांची यादी करायची तर संजय राऊत, भारतकुमार राऊत, कुमार केतकर ही नावं चटकन आठवतात. त्यात वावगं काही नाही. उघडपणे बाजू घेणारा माणूस कुठे उभा आहे हे वाचकाला ठाऊक असतं.

त्रासदायक आहे ती न दिसणारी जवळीक. सरकारी कोट्यातलं घर, एखाद्या समितीवरचं सदस्यत्व, मुलाच्या प्रवेशासाठी मंत्र्याचं पत्र. एकदम कुणी विकत घेत नाही. आधी परदेश दौऱ्यात नाव लागतं, मग लग्नाला साहेब येतात, मग एक दिवस साहेबांविरुद्धचा कागद हाती येतो आणि बातमीदार स्वतःशीच म्हणतो, ‘जरा थांबू, बघू’. तो कागद दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या पहिल्या पानावर असतो. २००९च्या विधानसभा निवडणुकीच्या काळात वेगवेगळ्या वृत्तपत्रांत शब्दन् शब्द सारखे कौतुकलेख आल्याचं पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं आणि ‘पेड न्यूज’ची चर्चा देशभर पेटली. त्यात व्यवहार मालकांच्या पातळीवरचा होता. बातमीदाराची किंमत त्याहून बरीच कमी असते, आणि बऱ्याचदा ती पैशांत मोजलीच जात नाही.

साठीनंतर

बायलाइन, म्हणजे बातमीवर छापलेलं नाव, गेली की फोन कमी होतात, हे सगळे म्हणतात. त्याहून मोठी अडचण पैशाची. नोकऱ्या केव्हाच कंत्राटी झाल्या, त्यामुळे निवृत्तिवेतन बहुतेकांना नाही. महाराष्ट्र सरकारनं ज्येष्ठ पत्रकारांसाठी आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांच्या नावानं सन्मान योजना काढली. महिना ११ हजार रुपयांनी तिची सुरुवात झाली, पुढे ती रक्कम २० हजार झाली. ज्या सरकारांबद्दल आयुष्यभर लिहिलं त्यांच्याच तिजोरीतून म्हातारपणी आधार घ्यायचा, हे काहींना रुचत नाही. गरज असलेल्यांना रुचण्या-न रुचण्याची चैन परवडत नाही.

अर्जासोबत इतक्या वर्षांच्या अनुभवाचे पुरावे लागतात: नेमणुकीची पत्रं, पगाराच्या नोंदी, कात्रणं. मुंबईत विशेष प्रतिनिधी म्हणून निवृत्त झालेल्याकडे यातलं बरंचसं असतं. तालुक्याच्या वार्ताहराकडे कात्रणांची गठडी असते, पण जुन्या बातम्यांवर ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढंच छापलेलं. नाव नाही, नेमणुकीचं पत्र नाही, आणि पगारपत्रक तर कधी नव्हतंच.